तान्ह्या पोळ्याची तारीख कोणती होती?

प्रश्न : वकील ताई, नमस्कार. आम्ही हिंगण्याला राहतो. माझे मिस्टर एमआयडीसीत ठेकेदाराच्या हाताखाली पावर प्रेसवर होते, महिना १४ हजार. २०२४ च्या तान्ह्या पोळ्याला सुट्टी होती, पण अर्जंट माल काढायचा आहे, डबल हजेरी देतो म्हणून बोलावलं आणि दुपारी प्रेसमध्ये उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून गेली. तेव्हा वय ३५. ठेकेदारानंच मेडिकलमध्ये (सरकारी दवाखान्यात) नेलं, नंतर ४० हजार दिले आणि स्टँपवर सही घेतली की आता काही घेणंदेणं नाही. हलकं काम देतो, देतो म्हणून राहिला, आता फोन उचलत नाही. शेजारचे म्हणतात दोन वर्षांच्या आत केस टाका. मग यंदाच्या तान्ह्या पोळ्यापर्यंत टाकली तर चालते ना? आणि सही करून दिली त्याचं काय?
– एक वाचक, हिंगणा

उत्तर : ताई, आधी तारखेचं बोलते, कारण तिथंच घात होऊन राहिला आहे. २०२४ ला पोळा २ सप्टेंबरला होता, म्हणजे तान्हा पोळा ३ सप्टेंबर. यंदा अधिक ज्येष्ठ आला त्यामुळे सगळे सण लांबले आणि तान्हा पोळा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जातो, तोवर थांबलात तर दोन वर्षं उलटून गेलेली असतील. कोर्ट तिथी बघत नाही, तारीख बघतं. तुम्ही २ सप्टेंबर २०२६ हीच शेवटची तारीख धरा, आणि तिथवरही जाऊ नका, याच महिन्यात वकील गाठा.

ही दोन वर्षं अपघाताच्या दिवसापासून मोजतात. ठेकेदारानं फोन उचलणं बंद केलं त्या दिवसापासून नाही, ड्रेसिंग सुटलं तिथपासूनही नाही. (माणूस गेला असेल तर मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षं.) हे मी इतकं घोळवून सांगते कारण माझ्याकडे येणारी निम्मी माणसं 'साहेब देतो म्हणाले होते' याच भरवशावर बसलेली असतात, आणि साहेबाच्या 'देतो'नं मुदत एक दिवसही पुढे सरकत नाही. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा घ्या नाहीतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली सामाजिक सुरक्षा संहिता घ्या, दोन्हीत मुदत दोन वर्षांचीच आहे. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफ होऊ शकतो, पण मग बोटांचं राहतं बाजूला आणि उशीर का झाला यावरच तारखा पडत राहतात.

सहीचं टेन्शन घेऊ नका. भरपाईचा हक्क सोडला असं लिहून घेतलेला कागद कायद्यानं बाद आहे, स्टँप कितीचाही असो. आणि ४० हजार म्हणजे काय ते बघा. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या तक्त्यात कमाईची क्षमता २० टक्के कमी धरतात. पगाराचे ६० टक्के म्हणजे ८,४००, त्याला ३५ वयाचा गुणक १९७.०६, आणि त्याचे २० टक्के, होतात ३ लाख ३१ हजार रुपये. अपघातानंतर महिनाभरात पैसे दिले नाहीत तर वर १२ टक्के व्याज, आणि विनाकारण अडवून ठेवले असतील तर दंड वेगळा, तोही भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत.

आता तुमच्या केसमधली खरी अडचण. सुट्टीच्या दिवशी हजेरी रजिस्टरवर त्यांचं नाव नसेल, आणि ठेकेदार म्हणणार की हा माणूस त्या दिवशी कामावरच नव्हता. म्हणून मेडिकलचा कॅज्युअल्टीचा पहिला कागद शोधा, त्यावर तारीख, वेळ, कशानं लागलं आणि कोणी आणलं हे लिहिलेलं असतं. डिस्चार्ज कार्डपेक्षा मला तो कागद जास्त मोलाचा वाटतो, कारण तो भांडण सुरू व्हायच्या आधी लिहिला गेला. हरवला असेल तर रेकॉर्ड सेक्शनला अर्ज करून नक्कल काढा. ठेकेदाराचे कामावर बोलावल्याचे व्हॉट्सअॅप मेसेज मिस्टरांच्या मोबाइलमध्ये असतील, तो मोबाइल विकू नका, फॉरमॅट करू नका, स्क्रीनशॉट काढून दुसरीकडेही ठेवा. अपघाताची लेखी नोटीस दिली नसेल तर आज रजिस्टर पोस्टानं पाठवा. मालकाला अपघात माहीत होता हे दिसलं तर नोटीस नाही म्हणून दावा पडत नाही, आणि इथं तर ठेकेदारानं स्वतः दवाखान्यात नेलं होतं. दाव्यात फक्त ठेकेदार नको, कंपनीलाही पार्टी करा, ठेकेदाराच्या माणसाची जबाबदारी मूळ मालकावरही येते.

एक गोष्ट आजच तपासा, पगारातून ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) पैसे कापले जात होते का. कापत असतील तर हा दावा चालत नाही, अपंगत्वाचे पैसे ईएसआयकडूनच घ्यावे लागतात, रस्ता वेगळा होतो. वकिलाच्या फीसाठी थांबू नका, कामगाराला आणि बाईला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून वकील फुकट मिळतो, १५१०० वर फोन करा.

प्रश्न : भावाला वाडीजवळ ट्रकनं उडवलं, पाय मोडला, आठ महिने झाले. सहा महिन्यांची मुदत संपली म्हणतात, खरं का?
– वाडी

उत्तर : भाऊ, अर्धं खरं आहे. गाडीच्या अपघाताला सहा महिन्यांची अट १ एप्रिल २०२२ पासून आली. त्याआधी १९९४ ते २०२२ मुदतच नव्हती, म्हणून जुने लोक 'कधीही टाका' म्हणतात, त्यांचं ऐकू नका. पण या अटीलाच सुप्रीम कोर्टात आव्हान आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टानं अंतरिम आदेश दिला की निव्वळ मुदत गेली म्हणून दावे फेटाळू नका. म्हणजे दार उघडं आहे, पण अंतरिम म्हणजे शेवटचा निकाल नाही, तो कसाही लागू शकतो, त्यामुळे या आठवड्यातच मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा टाका. ठाण्यातून एफआयआर आणि पंचनाम्याची नक्कल घ्या, ट्रकचा नंबर आणि इन्शुरन्स त्यातच सापडेल. आणि भाऊ ट्रकवर ड्युटीला असताना किंवा मालकाच्या कामानं निघाला असताना हे झालं असेल तर मला परत लिहा, मग वरच्या ताईंचाही रस्ता तुमच्यासाठी मोकळा आहे, दोन्हीपैकी एकच निवडावा लागतो आणि कुठं जास्त मिळेल ते कागद बघून ठरवू.