बोटीवरचा विंड जनरेटर: वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरून बोटी पुन्हा पाण्यात उतरल्या, की तेच ते प्रश्न येऊ लागतात. खालचे आकडे १२ व्होल्टच्या, ४०० वॅटच्या, डीसी वीज देणाऱ्या यंत्राचे आहेत. तुमच्या यंत्राचं माहितीपत्रक वेगळं सांगत असेल तर तेच खरं माना.

खोक्यावर ४०० वॅट लिहिलंय. फ्रिज दिवसभर चालेल ना?

ते ४०० वॅट साधारण २४ नॉट (ताशी सागरी मैल) वाऱ्याला मिळतात, हे बारीक अक्षरात असतं. वारा निम्मा झाला की वीज आठवा हिस्सा उरते. दुपारच्या दहा नॉट खाऱ्या वाऱ्यात हाती येतात जेमतेम दोन-सव्वादोन अँपिअर. पहाटेच्या मतलईत पाती बहुधा नुसतीच फिरतात. वारा पाठीशी घेऊन निघालात तर बोटीचा वेगही वाऱ्यातून वजा होतो. विक्रेत्याकडून वाऱ्याच्या वेगाप्रमाणे विजेचा आलेख मागा. टाळाटाळ केली तर दुसरं दुकान बघा.

डोलकाठीच्या टोकावर बसवू का?

नको.

मग खांब कसा असावा?

मागच्या बाजूला, ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा, जाडी यंत्राच्या बुडाला बसेल तेवढी (बऱ्याच यंत्रांना ४८ मिमी). दोन तिरके आधार वेगवेगळ्या दिशांना द्या आणि पायाशी रबर घाला, नाहीतर घरघर थेट केबिनमध्ये उतरते. हात वर केला तरी पात्याला लागणार नाही इतकी उंची हवी. यंत्र वाऱ्याबरोबर गोल फिरतं. पाती बॅकस्टेला (डोलकाठीला मागून ताणून धरणाऱ्या तारेला) घासत नाहीत ना, हे हाताने पूर्ण फिरवून बघा.

सोलरचा कंट्रोलर शिल्लक आहे. वायरमन म्हणतो, तोच चालेल.

नाही चालत. ही ऐकीव माहिती नेमकी कुठून पसरते कळत नाही, पण जळालेले कंट्रोलर तिच्यामुळेच निघतात. बॅटरी भरली की सोलर कंट्रोलर पॅनेलचा प्रवाह तोडतो. पॅनेलला त्याने काही होत नाही. जनरेटरला मात्र बॅटरीचा भार हाच लगाम असतो. तो सुटला की पाती सुसाट फिरतात, व्होल्टेज कित्येक पट चढतं, आधी कंट्रोलर जातो आणि मग बेअरिंग किंवा पातं.

इथे हवा डायव्हर्जन कंट्रोलर. तो जनरेटरला बॅटरीपासून तोडत नाही, जादा वीज डम्प लोडच्या रेझिस्टरमध्ये, म्हणजे ती उष्णता करून संपवणाऱ्या रोधकात, वळवतो. १४.४ व्होल्टला ३० अँपिअर म्हणजे ४३२ वॅट. म्हणून रोध ०.४८ ओहमपेक्षा जास्त नको आणि क्षमता किमान ५०० वॅट. रेझिस्टर हात पोळेल इतका तापतो. लाकूड, इंधन आणि बॅटरीचा कप्पा यांपासून लांब, हवेशीर जागी लावा. सोलरला त्याचा वेगळा कंट्रोलर राहू द्या, पण डायव्हर्जनचं व्होल्टेज त्याच्यापेक्षा किंचित वर ठेवा, नाहीतर उन्हाची वीज रेझिस्टर तापवण्यात जाईल. यंत्राच्या पोटातच रेग्युलेटर असेल तर हे सगळं लागत नाही.

लिथियम बॅटरी असेल तर स्वतः हात घालूच नका. तिच्या बीएमएसने (बॅटरीची राखण करणाऱ्या सर्किटने) बॅटरी तोडली की तोच अनर्थ. बॅटरी आणि जनरेटर दोन्हींच्या उत्पादकांना लेखी विचारा.

वायर ६ स्क्वेअर एमएमची पुरेल असं दुकानदार म्हणतो. फ्यूज किती?

जनरेटर ते बॅटरी ८ मीटर धरा, म्हणजे जाऊन-येऊन १६. ३० अँपिअरला ६ स्क्वेअर एमएममध्ये १.४ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. तूट ३ टक्क्यांत ठेवायची तर २५ स्क्वेअर एमएमची लागते; कथील चढवलेली तांब्याची घ्या. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १८ सेंटीमीटरच्या आत. तो जनरेटरच्या कमाल प्रवाहाच्या वर आणि वायरच्या क्षमतेच्या खाली हवा. इथे ५० अँपिअर. नेमका ३०चा घातलात तर जोरदार झोतात उडेल आणि यंत्र पुन्हा मोकाट.

यंत्र बंद कसं करायचं?

चेंजओव्हर स्विचने. तो आधी बॅटरी सोडवतो, मग जनरेटरच्या तारा एकमेकींना जोडतो. पाती जागीच जड होतात. साधा स्विच लावून बॅटरी जोडलेली असतानाच तारा शॉर्ट केल्यात तर बॅटरीच शॉर्ट होईल. ब्रेक वारा चढण्याआधी लावा. तीस नॉटमध्ये लावलात तर पाती थांबतीलच असं नाही, आतली वाइंडिंग (तारेची गुंडाळी) मात्र जळू शकते. जोडणी करताना पाती दोरीने बांधा, बॅटरी आधी जोडा, जनरेटर शेवटी. पहिल्यांदा चालू करताना सागरी कामाचा इलेक्ट्रिशियन बोटीवर हजर असू द्या, घरचा वायरमन नव्हे.