एक पानीनो, दोन पानीनी आणि कोरड्यास

प्रश्न असा आला आहे : 'कॅफेच्या फळ्यावर "ग्रिल्ड पनिनी" लिहिलेलं असतं. उच्चार पनिनी की पाणिनी? अनेकवचन "पनिनीज" करायचं का? आणि मराठीत याला काय म्हणावं?'

अनेकवचनापासूनच सुरुवात करते, कारण तेच गेली कित्येक वर्षं कानाला टोचतंय. 'पानीनी' हेच मुळात अनेकवचन आहे. एक असेल तर पानीनो, दोन असतील तर पानीनी. 'एक पानीनी द्या' म्हणणं म्हणजे 'एक अंडी द्या' म्हणणं, आणि 'पानीनीज' म्हणजे थेट 'अंडीज'. स्पागेत्ती, राव्योली, न्योक्की, बिस्कोत्ती हीसुद्धा सगळी अनेकवचनंच; पण स्पागेत्तीची एकच कांडी कुणी मागत नाही, म्हणून तिथे चूक उघडी पडत नाही. पानीनो मात्र माणूस एकच मागतो. उच्चारात मधला 'नी' दीर्घ, जोरही त्याच्यावरच. अष्टाध्यायीवाल्या पाणिनीचा इथे काही संबंध नाही. आणि 'ग्रिल्ड' हा त्याचा अंगभूत गुणही नाही. इटलीत छोटा पाव कापून आत काही भरलं की झाला पानीनो, मग तो गरम केलेला असो वा नसो.

आता शब्दाकडे. 'पाने' म्हणजे पाव, '-ईनो' हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय. उलट '-ओने' मोठेपणा दाखवतो. मिनेस्त्रा म्हणजे सूप, ते भाज्यांनी भरगच्च झालं की मिनेस्त्रोने. सारण भरलेल्या पास्त्यात तोर्तेल्लीनी लहान, तोर्तेल्लोनी मोठे. मराठी हेच काम लिंग बदलून करते : डबा-डबी, सुरा-सुरी, लोटा-लोटी. मिलानचा नाताळातला गोड पाव पानेत्तोने हाही याच घडणीचा, 'पानेत्तो'ला (लहान पाव) '-ओने' लागून झालेला. तरीही दर डिसेंबरात कुणीतरी ती 'पान देल तोनी'ची गोष्ट सांगतंच : मिलानच्या ड्यूक लुदोविको स्फोर्झाच्या मुदपाकखान्यात गोड पदार्थ करपला, तोनी नावाच्या पोऱ्याने उरल्यासुरल्या पिठातून नवा पाव करून वेळ निभावली, म्हणून हा 'तोनीचा पाव'. प्रत्यय डोळ्यांसमोर ढळढळीत दिसत असताना पोऱ्या कशाला हवा? खाद्यसंस्कृतीवर अधिकाराने लिहिणारेसुद्धा ही कथा व्युत्पत्ती म्हणून खपवतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

आपल्याकडे हाच रोग 'पाव'ला लागलाय. 'पायाने पीठ मळतात म्हणून पाव' हे अजून किती दिवस ऐकायचं? पाव हा पोर्तुगीजांचा 'पांव', तो लॅटिन 'पानिस'वरून आलेला. गोव्यातला पोदेर, म्हणजे पाववाला, हाही पोर्तुगीज 'पादेइरू'च. इटालियन 'पाने' त्याच लॅटिन घरातला. म्हणजे वडापावातला पाव आणि पानीनोतला पाने ही चुलत भावंडं आहेत. (विदर्भातल्या पानग्यांना मात्र या कुळात ओढू नका. तिथलं पान झाडाचं आहे.)

पण या घराण्यातला माझा सर्वांत लाडका शब्द वेगळाच आहे : कोम्पानातिको. 'कोन' म्हणजे सह, पुढे तोच 'पाने'. पावासोबत जे काही खायचं ते कोम्पानातिको. चीजचा तुकडा, सलामी सॉसेजच्या चकत्या, ऑलिव्ह, कांदा, काहीही. शब्दाची दृष्टी बघा. जेवण म्हणजे पाव, बाकी सगळं त्याच्या जोडीला. इटलीतल्या शेतकऱ्यांचं खाणं शतकानुशतकं असंच होतं. तोस्कानात (टस्कनीत) पावात मीठच घालत नाहीत; खारवलेलं हॅम आणि पेकोरीनो चीज त्याच्यासोबत असतं. हा पाव शिळा झाला तरी फेकत नाहीत : टोमॅटोत शिजला की पाप्पा अल पोमोदोरो, भाज्या-शेंगांच्या सुपात पुन्हा उकळला की रिबोल्लीता, भिजवून कांदा-काकडीत कालवला की पान्त्सानेल्ला. सार्डिनियाचे मेंढपाळ रानात नेताना पातळ, दोनदा भाजलेला, बरेच दिवस टिकणारा कारासाऊ पाव नेत. सगळीकडे धनी पावच.

कोम्पानातिकोला मराठीत लोक 'तोंडीलावणं' म्हणतात. मला ते साफ अमान्य आहे. तोंडीलावणं म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूचं चिमूटभर : लोणचं, चटणी, ठेचा. कोम्पानातिकोला खरा शब्द आहे कोरड्यास, म्हणजे भाकरीसोबतचं कालवण. कोल्हापूर-साताऱ्याकडे अजून विचारतात, 'आज कोरड्यास काय केलंस?' माझ्या मते ही चतुर्थी विभक्तीच गोठून नाम झाली आहे. कोरड्यास, म्हणजे कोरड्या भाकरीला, काय? प्रश्न चुलीपाशी इतक्यांदा विचारला गेला की त्यातलं रूपच पदार्थाचं नाव होऊन बसलं. 'कोरड्यास तर पातळ असतं, मग ते कोरडं कसं?' असा आक्षेप घेणारे विद्वान भेटतात. अहो, कोरडी आहे ती भाकरी! कालवणाला त्या शब्दात स्वतःचं नावच नाही, ते भाकरीच्या नावाने ओळखलं जातं. कोम्पानातिकोचंही नेमकं तेच. दोन भाषांचा एकमेकींशी काही व्यवहार नसताना दोन्हीकडच्या चुलींनी एकच विचार करावा, याचा मला दर वेळी नव्याने आनंद होतो.

त्याच 'सह-पाव'मधून एकत्र पाव खाणारा तो 'कोम्पान्यो', सोबती. आपल्या तोंडी रुळलेली 'कंपनी' मुळात याच पंगतीतली.

एक खबरदारी. इटलीत पास्ता हा कोम्पानातिको नव्हे. तो पहिला वाढप म्हणून स्वतंत्र खातात, पावाला लावून नाही. पाव येतो तो शेवटी, ताटलीत राहिलेला रस्सा पुसून घ्यायला. त्याला 'स्कार्पेत्ता करणं' म्हणतात, शब्दशः चिमुकला जोडा.

हां, मराठी प्रतिशब्द विचारला होता : भरला पाव. भरलं वांगं चालतं, तर भरला पावही चालेल.