‘सर्वानुमते’ या शब्दावरची हरकत पुढच्या सभेपर्यंत ठेवू नका

प्रश्न : आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत ८४ सदस्य आहेत. २१ सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचा विषय होता. समितीने सुचवलेल्या ठेकेदाराला थेट काम द्यायला मी आणि आणखी ११ जणांनी हात वर करून विरोध केला. शेवटी तीन दरपत्रके मागवून ती विशेष सभेपुढे ठेवायची, असे ठरले. २० डिसेंबरला सचिवांनी व्हॉट्सॲपवर इतिवृत्ताचा मसुदा पाठवला. त्यात ‘काम सदर ठेकेदारास देण्याचे सर्वानुमते ठरले’ असे लिहिले आहे. अनुमोदक म्हणून ज्यांचे नाव आहे, ते त्या दिवशी सभेला नव्हतेच. मी ग्रुपवर आक्षेप घेतला, तेव्हा सचिव म्हणाले, ‘पुढच्या वार्षिक सभेत इतिवृत्त मंजुरीला येईल, तेव्हा बोला.’ मी थांबावे का? सभेचे माझ्या मोबाइलवरचे रेकॉर्डिंग उपयोगी पडेल का?

उत्तर : थांबू नका. तुमची मुदत ४ जानेवारीला संपते.

महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे संस्थेच्या कारभाराच्या नमुना नियमांमध्ये, याचा क्रम स्पष्ट आहे. सभेपासून तीन महिन्यांच्या आत समितीने इतिवृत्ताचा मसुदा निश्चित करायचा. समितीच्या त्या बैठकीनंतर १५ दिवसांत तो सर्व सदस्यांना पाठवायचा. मसुदा पाठवल्यापासून १५ दिवसांत सदस्यांनी आपले म्हणणे सचिवांना कळवायचे. मग समिती पुढच्या बैठकीत त्या हरकती विचारात घेऊन अंतिम इतिवृत्त तयार करते आणि ते इतिवृत्त पुस्तकात लिहिले जाते. म्हणजे हरकत घेण्याची जागा आत्ताची आहे. तुम्ही पुढच्या वार्षिक सभेपर्यंत गप्प राहिलात, तर तोपर्यंत हाच मजकूर पुस्तकात उतरलेला असेल, काम झालेले असेल आणि बिलेही चुकती झालेली असतील. तुमच्या संस्थेने नोंदवून घेतलेले उपविधी मात्र एकदा स्वतः वाचा, कारण तुमच्या संस्थेला तेच लागू आहेत.

सचिवांचा गोंधळ ‘मंजुरी’ या शब्दातून झालेला दिसतो आणि तो फार संस्थांमध्ये होतो. आपल्या विषयपत्रिकांवर पहिला विषय असतो ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. कायम करणे म्हणजे त्या सभेत जे घडले तेच लिहिले गेले आहे, एवढ्याला दुजोरा देणे. त्याने जुना निर्णय नव्याने मंजूर होत नाही आणि जो निर्णय झालाच नव्हता, तो त्या दिवशी जन्मालाही येत नाही. सहकार कायद्याच्या कलम ७२ प्रमाणे संस्थेची अंतिम सत्ता सर्वसाधारण सभेकडे असते. सभेने काय ठरवले हे लिहून ठेवणे हे समितीचे काम. ते बदलण्याचा अधिकार तिला नाही.

आता पत्राविषयी. व्हॉट्सॲपवरचा तुमचा आक्षेप वाया गेलेला नाही, त्याचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. पण ग्रुपवरच्या चार ओळींवर विसंबू नका. सचिवांच्या नावे लेखी पत्र द्या, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घ्या. पोच नाकारली, तर त्याच दिवशी तेच पत्र स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा. पत्रात ठेकेदार कसा आहे, समितीचा हेतू काय, यातले काहीही लिहू नका. मला माहीत आहे, ते लिहिण्याचा मोह होतो. पण असे लिहिले की समितीला उत्तर देणे सोपे जाते : ‘सदस्यांचे मतभेद आहेत.’ तुमची हरकत नोंदीच्या खरेपणापुरती ठेवा आणि चुकीच्या शब्दांच्या जागी नेमके कोणते शब्द हवेत, ते लिहून द्या. उदाहरणार्थ : ‘विषय क्रमांक अमुक मधील “काम सदर ठेकेदारास देण्याचे सर्वानुमते ठरले” हे वाक्य सभेतील कामकाजाशी जुळत नाही. त्याऐवजी “तीन दरपत्रके मागवून ती विशेष सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्याचे ठरले. ठेकेदारास थेट काम देण्यास १२ सदस्यांनी विरोध नोंदवला” असे लिहावे. अनुमोदक म्हणून नोंदवलेले सदस्य सभेस उपस्थित नव्हते, हे हजेरीपटावरून पडताळावे. माझे हे पत्र समितीच्या बैठकीपुढे ठेवून त्यावरील निर्णय मला लेखी कळवावा.’

‘सर्वानुमते’ या शब्दावर मी एवढा भर देतो, कारण त्याचा अर्थ एकानेही विरोध केला नाही, असा होतो. एक हात जरी विरोधात वर गेला असेल, तर फार तर ‘बहुमताने’ लिहिता येते. उद्या हे प्रकरण कुठेही गेले, तर समोरचा पहिला प्रश्न हाच विचारेल, की विरोध होता, तर इतिवृत्तात का नाही? बाकीच्या ११ जणांनीही आपापली पत्रे द्यावीत. एकाच कागदावर १२ सह्या घेण्यापेक्षा १२ वेगळी पत्रे चांगली, कारण यातला प्रत्येक जण त्या सभेचा साक्षीदार आहे.

रेकॉर्डिंग मूळ फोनमध्येच राहू द्या. काटछाट करू नका आणि त्याचे तुकडे ग्रुपवर टाकू नका. सहकार न्यायालयात ते द्यायची वेळ आली, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागेल. पत्रात एवढाच उल्लेख पुरे की सभेचे ध्वनिमुद्रण तुमच्याकडे आहे.

सर्वसाधारण सभेचे आणि समितीच्या बैठकांचे इतिवृत्त पाहणे आणि विहित शुल्क भरून त्याची प्रत मागणे हा सदस्याचा कायदेशीर हक्क आहे. तो अर्ज वेगळ्या कागदावर आजच द्या. समितीच्या ज्या बैठकीत हा मसुदा निश्चित झाला, तिचे इतिवृत्त आवर्जून मागा. त्यातच कळेल की समितीत तरी चर्चा झाली होती, की मसुदा नुसताच सह्यांसाठी फिरला. २१ सप्टेंबरचा हजेरीपट जपून ठेवावा, असेही त्याच अर्जात लिहा.

तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, की विशेष सभा मागवून हा ठराव रद्द करून घेऊ. इथे सांभाळा. एक-पंचमांश सदस्यांनी लेखी मागणी केली, तर समितीला महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. ८४ पैकी १७ सह्या लागतील, म्हणजे तुम्ही १२ जण आहात, आणखी पाच हवेत. पण मागणीपत्रात ‘ठराव रद्द करणे’ असे शब्द घालू नका. एक तर सभेने मंजूर केलेला ठराव सहा महिने उलटल्याशिवाय रद्द करायला आणता येत नाही, असा उपविधी आहे, आणि समिती त्याच्या आड उभी राहील. दुसरे अधिक महत्त्वाचे : रद्द करा म्हणणे म्हणजे तो ठराव झाला होता, हे मान्य करणे. तुमचे म्हणणे तर तो झालाच नाही, असे आहे. म्हणून विषय असा लिहा : ‘मोठ्या दुरुस्तीच्या कामासाठी तीन दरपत्रके मागवून त्यांवर निर्णय घेणे.’

इतके करूनही समितीने मसुदा तसाच कायम केला, तर दोन दारे आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नका. प्रती दिल्या नाहीत किंवा दप्तरात फेरफार झाला, अशी तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाते. सभेच्या ठरावाची वैधता आणि सभेचे कामकाज हा वाद मात्र सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो. ठेकेदाराशी करार होण्याची किंवा आगाऊ रक्कम दिली जाण्याची चिन्हे दिसली, तर तिथेच तात्पुरत्या मनाईचा अर्ज करता येतो. त्या वेळी तुमचे पोच असलेले पत्र हा दाव्यातला सर्वांत भक्कम कागद असेल.

आणि ज्यांचे नाव अनुमोदक म्हणून घातले आहे, त्यांच्याकडे आज संध्याकाळीच जा. त्यांनाही कदाचित हे ठाऊक नसेल. ‘२१ सप्टेंबरच्या सभेस मी उपस्थित नव्हतो, मी कोणत्याही ठरावास अनुमोदन दिलेले नाही’ एवढ्या दोन ओळी त्यांनी सहीनिशी सचिवांना दिल्या, तर समितीला तो मसुदा बदलावाच लागेल असे मला वाटते.