लाल म्हणजे राग, असं नसतं

प्रश्न : सांगलीत एका प्रदर्शनात मोठं अमूर्त चित्र पाहिलं. सगळीकडे राखाडी, उजवीकडे खाली लाल ठिपका, त्यातून वर जाणारी तिरकी काळी रेघ. नाव ‘शीर्षकहीन’. लाल म्हणजे राग समजायचा का?
– एक वाचक, कराड

उत्तर : नाही. पालीच्या खंडोबाचा भंडारा पिवळा आणि काविळीचे डोळेही पिवळेच. रंगाला अर्थ येतो तो शेजारच्या रंगामुळे, त्याच्या प्रमाणामुळे आणि जागेमुळे.

आधी चित्राच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर उभे राहा आणि डोळे किलकिले करा. बारकावे पुसले जातात, उजेड-अंधाराचे गट तेवढे उरतात. मग एक डोळा मिटून, हात लांब धरून लाल ठिपका अंगठ्यानं झाका. ठिपक्याभोवतीचा राखाडी मघाशी किंचित हिरवट वाटत होता, तो आता नुसता राखाडी दिसेल. तो हिरवा कॅनव्हासवर नसतो. लालाच्या शेजारामुळे आपल्याच नजरेत तयार होतो. अमूर्त चित्राची खरी गंमत इथे आहे.

आता फूटभर अंतरावर या. रेघ एका टोकाला रंगानं भरलेली आणि दुसरीकडे ब्रशचे केस उमटून विरळ झाली असेल, तर हात त्या दिशेनं झपाट्यानं गेलाय. कडा टेप लावून काढल्यासारखी धारदार असेल तर ती मोजून मारलेली रेघ. तिच्यात वेग शोधू नका, मांडणी बघा. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून उजवीकडे वर जाणारी रेघ चढणारी वाटते.

ठिपक्याची जागाही बोलते. चित्रकार सय्यद हैदर रझांच्या अनेक चित्रांत बिंदू मध्यावर स्थिर असतो. तोच कडेपासून बोटभर अंतरावर आणला की निसटेल असं वाटतं.

शीर्षक नाही म्हणून अडू नका. चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांची कितीतरी चित्रं शीर्षकाविना आहेत. ते रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरवायची बोथट सुरी) वापरत. अशा चित्रात वरचा थर विरळ झालाय तिथे खालचा रंग शोधा. सर्वांत मोठी चूक म्हणजे लपलेला पक्षी नाहीतर चेहरा हुडकत बसणं. तो ‘सापडला’ की बाकीचं चित्र बघणं थांबतं.

प्रश्न : मोबाइलवरच्या फोटोवरून भागेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : उजेड-अंधार तपासायला फोटो कृष्णधवल करून जरूर बघा. रंगावर मात्र भरवसा नको, कॅमेरा तो आपल्या हिशेबानं बदलतो. शिवाय थरांची जाडी दिसत नाही. आकाराचा सराव हवा असेल तर सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्री भवानी संग्रहालयात ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं आई आणि मुलाचं शिल्प आहे. त्याच्याभोवती सावकाश एक फेरी मारा आणि बाह्यरेषा कुठे वळते तेवढंच बघा.