आधी रिपोर्ट, मग डॉक्टर

तुम्ही लिहिलंय की दोन महिन्यांनी नोकरीसाठी मँचेस्टरला निघताय, गहू खाल्ला की पोट बिघडतं म्हणून दोन वर्षं पोळी बंद आहे, आणि हे समजून घेणारा डॉक्टर तिकडे कसा शोधायचा. मी उलटं विचारते : गहू सोडण्याआधी रक्त तपासलं होतं का?

मी २०१६ साली इंग्लंडात लेस्टरला आले तेव्हा माझ्याकडे कागदाचा एक चिटोरा नव्हता. गावाकडच्या डॉक्टरांनी 'गहू सोडून बघा' म्हटलं, मी सोडला, बरं वाटलं, विषय संपला. इथल्या जीपीने, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरसारख्या डॉक्टरने, दहा मिनिटांत ऐकून घेतलं आणि म्हणाला, तपासणी हवी असेल तर परत गहू खायला लागा. एवढं बोलून पुढच्या पेशंटला हाक! घरी येऊन रडले. माणूस निर्दय वाटला.

त्याचं चुकलं एवढंच, की कारण सांगितलं नाही. सिलिअॅक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याचा आजार. त्यासाठी टीटीजी-आयजीए नावाची रक्ततपासणी करतात. ती अँटिबॉडी शोधते, आणि गहू बंद असला की अँटिबॉडी उतरतात. मग आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. म्हणून इथला नियम असा की तपासणीआधी किमान ६ आठवडे रोज एकाहून जास्त जेवणांत ग्लुटेन हवं. हे मला त्याच दवाखान्यातल्या दुसऱ्या डॉक्टरबाईंनी कागदावर आतड्याचं चित्र काढून समजावलं. मग भाकरीची परात माळ्यावर टाकली, सकाळी टोस्ट, रात्री पोळी. ते सहा आठवडे कसे काढले ते विचारू नका.

तर निघण्याआधी जमेल ते भारतातच उरका. गहू परत सुरू करायचा की नाही, हे तिथल्या पोटाच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. नको म्हणाले तर एचएलए डीक्यू२/डीक्यू८ ही जनुकीय तपासणी गहू बंद असतानाही करता येते. ती निगेटिव्ह आली तर सिलिअॅक जवळजवळ बाद. पॉझिटिव्ह आली म्हणून मात्र आजार सिद्ध होत नाही. एंडोस्कोपी झाली असेल तर बायॉप्सीचा मूळ रिपोर्ट हातातल्या बॅगेत ठेवा.

इथे आल्यावर घराजवळच्या जीपीकडे लगेच नाव नोंदवा. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून नोंदणी नाकारता येत नाही. व्हिसाबरोबर बहुतेकांनी आरोग्य अधिभार भरलेला असतो, आणि जीपीच्या भेटीचे वेगळे पैसे नाहीत. एनएचएस म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा. तिच्या तज्ज्ञाकडे सहसा जीपीच्या चिठ्ठीशिवाय जाता येत नाही, म्हणून जीपी बरा मिळणं महत्त्वाचं. पहिला पटला नाही तर रिसेप्शनवर सरळ सांगा, दुसरे डॉक्टर द्या. तेही जमलं नाही तर दवाखाना बदला, त्यात काही गैर नाही.

बरा डॉक्टर ओळखायचा कसा? लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व तपासतो, भावंडांना त्रास आहे का विचारतो आणि 'थोडंसं चालतं हो' म्हणत नाही. सगळे रिपोर्ट नॉर्मल येऊनही गव्हाने त्रास होतो असे लोक असतात. त्याला वेगळी तपासणी नाही. तेव्हा तुम्हाला वेड्यात न काढता आहारतज्ज्ञाकडे पाठवणारा हवा.

खाण्याची काळजी कमी करा. मँचेस्टरच्या देशी दुकानांत ज्वारी-बाजरीचं पीठ मिळतं, आणि इथल्या पाकिटांवर घटकांच्या यादीत गहू ठळक छापावा लागतो. मला फसवलं ते घरच्या डब्याने. सिलिअॅकचं निदान झाल्यावर आठ महिने कडक पथ्य, तरी पोट दुखतंच. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, फोडणीत काय काय घालता ते घेऊन या. मिसळणाचा डबा नेला, सोबत आईने पाठवलेली हिंगाची डबी. त्यांनी ती उलटी करून बारीक अक्षरं वाचली : बांधानी हिंग, गव्हाचं पीठ.