समुद्र नाही, तरी झरा खारट कसा?

प्रश्न : आमचं शेत मुक्ताईनगरकडे, पूर्णेकाठच्या काळ्या जमिनीत. बोअरचं पाणी एवढं खारट की डाळ शिजत नाही अन् साबणाला फेस नाही. आजोबा म्हणायचे खाली जुना समुद्र अडकलाय. यूट्यूबवर तर समुद्रापासून लांबही खाऱ्या पाण्याचे झरे दाखवतात. ते मीठ येतं कुठून, आणि आमचंही तसंच का?

उत्तर : भाऊ, आजोबांची कल्पना चुकीची नाही, फक्त जागा चुकली. जिथे एकेकाळी उथळ समुद्र आटला आणि त्याच्यावर हजारो फूट गाळ बसून दगड झाला तिथे खाली मिठाचे थर असतात, मग पावसाचं पाणी फटीतून खाली जातं, मीठ विरघळवतं आणि दुसरीकडे वर येतं. इंग्लंडमधल्या ड्रॉइटविचचं असंच आहे, २० कोटी वर्षांपेक्षा जुन्या मिठाच्या थरांमुळे तिथलं पाणी समुद्राच्या साधारण १० पट खारट, रोमन लोकही तिथून मीठ काढायचे. आता खारं पाणी जड, ते आपणहून वर कशाला येईल? तर उंच भागात मुरलेल्या पावसाचा दाब त्याला मागून ढकलतो आणि एखादी भेग सापडली की ते वर.

दुसरा प्रकार म्हणजे मीठ विरघळलेलंच नाही, आटलेल्या समुद्राचं उरलेलं पाणीच खडकात अडकून राहिलंय. चव दोन्हीची सारखीच, मग ओळखायचं कसं? ब्रोमाइडवरून, म्हणजे समुद्राच्या पाण्यात थोडासा असणारा एक विरघळलेला घटक. साखर कारखान्यात साखरेचे दाणे बसतात आणि मळी मागे उरते ना, तसं समुद्र आटताना मिठाचे खडे ब्रोमाइडला आत फारसं घेत नाहीत, ते उरलेल्या पाण्यात साठत जातं. समुद्राच्या पाण्यात वजनाने क्लोराइड (साध्या मिठातला एक घटक) ब्रोमाइडच्या साधारण २९० पट असतं. हेच प्रमाण हजारात गेलं तर मीठ विरघळलंय, २९० च्या खाली आलं तर ती जुनी ‘मळी’. मला तर हा या विषयातला सगळ्यात भारी पुरावा वाटतो!

तुमच्याकडे मात्र खाली काळा पाषाण, म्हणजे लाव्हा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्यात मिठाचे थर नाहीत. वर पूर्णेचा चिकण गाळ. पाऊस कमी, ऊन कडक, पाण्याचा निचरा होत नाही, मग पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. तुमच्या पूर्वेला अकोला-अमरावतीकडे याच गाळाला खारपाण पट्टा म्हणतात. लोणारचं तळंही असंच, पाण्याला बाहेर जायला वाट नाही म्हणून खारं. चोपड्याच्या उनपदेवचा गरम झरा वेगळा, तिथे पाणी खोल जाऊन तापून वर येतं, गरम म्हणजे खारट नव्हे.

नुसत्या टीडीएस मीटरवर विसंबू नका, तो खारेपणा सांगतो, कारण सांगत नाही. लॅबला क्लोराइड, सोडियम, बायकार्बोनेट आणि नायट्रेट विचारा. नायट्रेट जास्त निघालं तर आधी गोठ्याचं सांडपाणी आणि युरियाच्या गोण्या बघा.