एटीओ म्हणतं वेळेवर, टीएमएस म्हणतं लेट: आधी गाडी कुठे थांबते ते बघा

तुम्ही लिहिलंय की परदेशातल्या मार्गाच्या चाचणीत एटीओच्या (गाडी आपोआप हाकणारी यंत्रणा) नोंदीप्रमाणे पुढची गाडी प्लॅटफॉर्मला वेळेवर लागते, तरी मागची होम सिग्नलला, म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीच्या सिग्नलला, लाल बघून उभी राहते. मग टीएमएस (सगळ्या गाड्यांच्या वेळा सांभाळणारी यंत्रणा) दोघींना लेट धरून नव्या वेळा पाठवत सुटतं आणि वरचे म्हणतात, अल्गोरिदम सुधारा. हे दुखणं मी काढलंय, म्हणून लांबलचक लिहितो. तुम्ही साताऱ्याचे दिसता, मी मिरजेचा, शेजारधर्म समजा. सिग्नलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मुरलोय, पण सेफ्टी केस, म्हणजे यंत्रणा सुरक्षित असल्याचा पुरावा, तयार करणारा माणूस नाही. खालचं काहीही तुमच्या सेफ्टीवाल्यांना विचारल्याशिवाय लावू नका.

जर्नी प्रोफाइल (गाडीने कुठे किती वाजता पोचायचं), सेगमेंट प्रोफाइल (मार्गाची आणि थांब्यांची माहिती) तुम्हाला ठाऊकच आहेत. पुढे जायची परवानगी ईटीसीएस (गाडी सुरक्षित ठेवणारी युरोपीय सिग्नल यंत्रणा) देतं, एटीओ फक्त गाडी हाकतं, हेही.

अल्गोरिदमला तूर्त हात लावू नका. बहुतेक टीएमएस गाडी ‘आली’ ही वेळ ट्रॅक सर्किट किंवा ॲक्सल काउंटरवरून (रुळाच्या तुकड्यावर गाडी आहे का ते ओळखणारी साधनं) घेतात आणि त्यात ठरावीक सेकंद मिळवतात. हे सेकंद माणूस चालवत असतानाच्या सवयीवरून बसवलेले असतात. एटीओ हातात वेळ शिल्लक असली की आधीपासून गाडी सैल सोडतं आणि सावकाश येतं, त्यामुळे तो हिशोब गाडीगणिक चुकतो. गाडीच्या स्टेटस रिपोर्टमध्ये पुढच्या टायमिंग पॉइंटला (वेळ ठरवून दिलेली जागा) कधी पोचणार याचा अंदाज येत असतो. टीएमएस तो वाचतंय की नुसता साठवून ठेवतंय, ते आज बघा.

पण आमचं खरं रक्त आटवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. प्लॅटफॉर्म वाढवल्यावर गाडी थांबायची पाटी पुढे सरकवलेली होती. ड्रायव्हर पाटी बघून बरोबर थांबायचे. एटीओ मात्र सेगमेंट प्रोफाइलमधल्या जुन्या जागेवर, स्वतःच्या हिशोबाने अगदी अचूक थांबायचं. शेवटचा डबा पॉइंटच्या, म्हणजे गाडी रूळ बदलते त्या सांध्याच्या, ट्रॅक सर्किटवर राहायचा. मग इंटरलॉकिंग (सिग्नल आणि पॉइंट एकमेकांना बांधून ठेवणारी सुरक्षा यंत्रणा) मागचा रूट, म्हणजे गाडीसाठी अडवून ठेवलेली वाट, सोडणार कसा? आणि ते बरोबरच होतं की! एटीओच्या लेखी गाडी वेळेवर, टीएमएसच्या लेखी लाइन अडलेली, आणि खापर आमच्या अल्गोरिदमवर.

ट्रॅकची माहिती सांभाळणारं एक कार्यालय होतं. नाव घेत नाही. त्यांना फोटो पाठवले, लॉग पाठवले. उत्तर एकच: मंजूर ड्रॉइंगमध्ये हीच जागा आहे, बदल हवा तर फॉर्म भरा. फॉर्मसोबत काय जोडायचं? तर बदललेलं मंजूर ड्रॉइंग. ते कोण देणार? तेच कार्यालय! दिवसभर तिथे बसलं तरी जागेवर जाऊन टेप लावायला कुणी उठेना. शेवटी साइटवरच्या एका सुपरवायझरने मोजून सहीनिशी कागद दिला, तेव्हा गाडं हललं. म्हणून सांगतो, माहिती बरोबर आहे असं कागद म्हणतो की जागा म्हणते, हे पहिल्या आठवड्यातच विचारा. माझं मत टोकाचं वाटेल, पण मी जागेवर मोजल्याशिवाय एकाही थांब्याची माहिती स्वीकारत नाही.

हे सेकंद किरकोळ समजू नका. लंडनच्या थेम्सलिंक रेल्वेमार्गावर २०१८ पासून ईटीसीएसवर एटीओ आहे आणि मधल्या भागाची रचना एका दिशेने तासाला २४ गाड्यांसाठी केलेली आहे. म्हणजे दोन गाड्यांत अडीच मिनिटं. तिथे रूट वीस सेकंद उशिरा सुटला तर मागे रांगच लागेल.

दुसरं, टीएमएसला दर खुट्ट झाल्यावर नवी वेळ पाठवू देऊ नका. ब्रेक लावायला सुरुवात झाल्यावर वेळ बदलली की गाडी पुन्हा जोर घेते, परत ब्रेक मारते. प्रवासी शिव्या घालतात. थोडा फरक पोटात घाला आणि जवळ आलेल्या थांब्याची वेळ गोठवा. किती, ते तुमच्या मार्गावर ठरेल. स्वित्झर्लंडच्या लोच्बर्ग बेस टनेलचा मोठा भाग एकेरी आहे. तिथे गाड्या तोंडावर येऊन उभ्या राहू नयेत म्हणून आधीच वेग कळवतात. आपल्याकडे पुणे-मिरज मार्गावर एकेरी लाइन असताना आदर्की स्टेशनला क्रॉसिंगसाठी ताटकळलेल्या कुणालाही याचं मोल सांगायला नको. घाटात थांबलेली मालगाडी परत उचलायची म्हणजे काय, ते लोको पायलटला विचारा.

जाता जाता: ‘कवच’ म्हणजे एटीओ असं ग्रुपवर कुणी सांगितलं तर सोडून द्या. कवच चूक झाली तर गाडी रोखतं, वेळापत्रकाप्रमाणे हाकत नाही. मी वाद घालणं बंद केलंय. आणि जमलं तर परवानगी काढून एखाद्या सेक्शन कंट्रोलरशेजारी (एका टप्प्यातल्या गाड्यांवर लक्ष ठेवणारा माणूस) एक पाळी बसा. गाडी कुठे अडणार हे तो चार्टवर तुमच्या स्क्रीनच्या आधी ओळखतो.

लॉग दाखवायचे असतील तर कंपनीची नावं आणि गाडी क्रमांक काढून टाका. एकाच अर्ध्या तासाचे स्टेटस रिपोर्ट आणि ट्रॅक सर्किटच्या नोंदी पुरेत, फक्त दोन्हींची घड्याळं एकाच स्रोताला जुळवलेली आहेत का ते आधी तपासा. शनिवारी बघून सांगतो.